लिंडनच्या दुकानातला ईस्टरचा हॅम आणि कोल्हापुरी गुळाचं ग्लेझ

यंदा ईस्टरला आमच्याकडे बारा माणसं जेवायला होती. न्यू जर्सीतल्या लिंडन गावच्या पोलिश दुकानातून सात पाउंडांचा, म्हणजे तीन किलोहून थोडा जास्त, हाडासकट हॅम (मिठात मुरवलेली डुकराची मांडी) आणला होता. रात्री परातीत हाड आणि त्याला चिकटलेलं थोडं मांस एवढंच उरलं. गेल्या वर्षी ह्याच सणाचा निम्मा हॅम मी सोमवारी सकाळी टाकून दिला होता. टाकताना जीव हळहळला, आणि तेव्हाच ठरवलं की पुढच्या खेपेला ह्या पदार्थाच्या मुळाशी जायचं. न्यू जर्सीत आमच्या ओळखीची वसई-वांद्र्याची बरीच कुटुंबं आहेत, शिवाय हॅम आवडीने खाणारी इतरही मराठी मंडळी आहेत. त्यांचा सण आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची वसईची. आमच्याकडे सणाला डुकराचं मटण म्हणजे इंद्याल नाहीतर विंदालू. व्हिनेगर, लसूण, लाल मिरची घालून आदल्या दिवशी करायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. हॅम म्हणजे कोल्ड स्टोरेजमधून पाकिटात येणाऱ्या पातळ गुलाबी चकत्या, नाताळच्या सकाळी लोणी लावलेल्या पावात घालायच्या. अख्खी मांडी ओव्हनमध्ये ठेवून वर ग्लेझचा, म्हणजे चकाकणाऱ्या पाकाचा, गोड मुलामा चढवतात, हे मी इथे आल्यावर पाहिलं. इथल्या आमच्या चर्चमध्ये ईस्टरला हॅम नाही असं घर सापडणं कठीण. त्याचं कारणही मला फार आवडलं. जुन्या काळी शेतकरी थंडीच्या तोंडावर डुक्कर कापायचे, मांड्या मिठात मुरवून हिवाळाभर ठेवायचे आणि वसंत ऋतूत ईस्टरआधीचा उपवासकाळ संपायच्या सुमारास त्या खायला तयार व्हायच्या. आपल्याकडे उन्हाळ्यात घातलेली लोणची-पापड पावसाळ्यात निघतात तसंच.

आधी गेल्या वर्षाचं सांगते, कारण चूक नेमकी कुठे होते ते त्यातून कळतं. एका मोठ्या सुपरमार्केटात सणाच्या आठवड्यात हॅम अगदी स्वस्त लावला होता. तो स्पायरल कापलेला होता, म्हणजे मधल्या हाडाभोवती गोल फिरत एकसलग चकत्या पाडलेला. ही युक्ती डेट्रॉइटच्या हॅरी होन्सेलार यांची. त्यांच्या यंत्राला १९५२ मध्ये पेटंट मिळालं आणि १९५७ मध्ये त्यांनी त्यावर हनीबेक्ड हॅम कंपनी उभी केली. थंडच वाढायचा असेल तर ह्या कापण्याला तोड नाही, सुरी नुसती हाडाभोवती फिरवली की चकत्या सुट्या होतात. पण मला तो गरम करून, वर ग्लेझ लावून वाढायचा होता. पाकिटात ग्लेझची पुडी होती, मागे कृती छापलेली होती. मी ती शब्दशः केली. चकत्या आधीच सुट्या असल्यामुळे ओव्हनची गरम हवा प्रत्येक फटीत शिरली आणि रस सगळा भांड्यात उतरला. कडा इतक्या वाळल्या की मुलीने एक चकती हातात धरली तेव्हा ती वाकेचना. पुडीतलं ग्लेझ वरच्या वर चकत्यांच्या फटींतून ओघळून तळाशी जळलं. आईने व्हिडिओवर ताट पाहिलं आणि म्हणाली, "बाळा, एवढं सुकं का गं झालं?" मला उत्तर देता आलं नाही.

मग वर्षभर वाचत राहिले. हॅमच्या कृती शोधायला बसलात तर शंभर सापडतात आणि प्रत्येक वेगळं सांगते. कोणी ३२५ अंश फॅरनहाइट म्हणतं, कोणी २५०. कोणी ग्लेझ सुरुवातीलाच लावायला सांगतं, कोणी शेवटी. कोणी अननसाच्या चकत्या टूथपिकने टोचतं, कोणी कोला ओततं. ह्यातल्या बहुतेक कृती एक गोष्ट सांगतच नाहीत, आणि ती कळली की बाकीचं आपोआप सुटतं. इथे दुकानात मिळणारा नेहमीचा हॅम मिठाच्या पाण्यात मुरवलेला, धुरी दिलेला आणि कारखान्यातच पूर्ण शिजवलेला असतो. आपण घरी तो शिजवत नसतो. आपण तो फक्त आतपर्यंत गरम करतो आणि वर चकाकी आणतो. जो पदार्थ एकदा शिजलेला आहे त्याला पुन्हा मटणासारखं शिजवत बसलं की तो वाळणारच.

म्हणून पहिलं काम पाकिटावरची अक्षरं वाचण्याचं. "फुल्ली कुक्ड" लिहिलं असेल आणि अमेरिकन कृषी खात्याच्या तपासणीचा गोल शिक्का असलेल्या मूळ पाकिटात तो असेल, तर मध्यभागी १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे ६० सेल्सिअस झालं की पुरे. "कुक बिफोर ईटिंग" लिहिलं असेल तर तो कच्चा आहे, त्याला १४५ पर्यंत न्यायचं आणि बाहेर काढून तीन मिनिटं थांबायचं. दुकानदाराने सोडवून पुन्हा बांधलेला असेल तर १६५. हे तीन आकडे मी फ्रिजवर लिहून चिकटवले आहेत.

दुसरी ओळ त्याहून महत्त्वाची, आणि तिच्याकडे कोणीच पाहत नाही. हॅममध्ये पाणी किती भरलं आहे ते नावातच लिहिलेलं असतं. नुसतं "हॅम" लिहायचं तर चरबी वगळून त्यात निदान २०.५ टक्के प्रथिन असावं लागतं. "हॅम विथ नॅचरल ज्यूसेस"ला १८.५ टक्के, "हॅम वॉटर ॲडेड"ला १७ टक्के. त्याहूनही कमी असेल तर नाव होतं "हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट" आणि बाहेरून किती टक्के घातलं ते छापावं लागतं. गेल्या वर्षीचं पाकीट मी कचऱ्यातून परत काढून पाहिलं. वॉटर ॲडेड. तळाशी साचलेला तो वाटीभर रस म्हणजे मी तोलून घेतलेलं पाणी होतं.

नावाच्या बाबतीत हा देश जुन्या काळापासून काटेकोर आहे. आमच्या न्यू जर्सीत सकाळी अंडं-चीजबरोबर पावात घालून डुकराच्या प्रक्रिया केलेल्या मांसाचं जे काही खातात त्याला उत्तरेकडचे लोक अजून टेलर हॅम म्हणतात आणि दक्षिणेकडचे पोर्क रोल. ट्रेंटनच्या जॉन टेलर यांनी ते १८५६ मध्ये काढलं. १९०६ चा अन्नशुद्धतेचा कायदा आल्यावर ते हॅमच्या व्याख्येत बसेना म्हणून नाव बदलावं लागलं. लोकांच्या तोंडातून मात्र ते गेलेलं नाही.

आता दुकान. लिंडनमध्ये पोलिश वस्ती जुनी आहे. आम्ही राहतो त्या एडिसनहून वीसेक मिनिटं लागतात. हे दुकान लहान आहे, आत शिरलं की धुराचा आणि लसणाचा वास येतो, वर कांड्यांवर सॉसेज लटकवलेली. पोलिश घरांत पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, टोपलीत हॅम, सॉसेज, अंडी, मीठ, पाव आणि लोण्याचं कोकरू घालून चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात, त्यामुळे त्या आठवड्यात रांग दाराबाहेर असते. मी बुधवारी गेले तरी चाळीस मिनिटं उभी होते. पण काउंटरवरच्या बाई घाई करत नाहीत. मी काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी तीन हॅम काढून समोर ठेवले आणि प्रत्येकाचं लेबल माझ्याकडे फिरवून दाखवलं. असं मला सुपरमार्केटात कधी कोणी दाखवलेलं नाही.

मी घेतला तो "विथ नॅचरल ज्यूसेस", हाडासकट, न कापलेला, शँक हाफ. अख्खी मांडी दोन भागांत विकतात. वरचा कुल्ह्याकडचा भाग तो बट, त्यात मांस जरा जास्त निघतं, पण आत कुल्ह्याचं वेडंवाकडं हाड असतं आणि कापताना सुरी सारखी अडते. खालचा नडगीकडचा भाग तो शँक, त्यात सरळ हाड, कापायला सोपा, ताटात दिसतोही छान. पहिल्यांदा करणाऱ्याने शँकच घ्यावा. पाउंडाला सहा डॉलर पडले, म्हणजे सुपरमार्केटच्या तिप्पट. महाग आहे, हे मान्य. पण गेल्या वर्षी निम्मा टाकला होता, तो हिशेब धरला आणि चवीचा धरला तर मला हा सौदा पटला.

एक सावधगिरी. "कंट्री हॅम" लिहिलेलं काही उचलू नका. तो वेगळा प्रकार, कोरड्या मिठात मुरवून महिनोन्महिने टांगलेला, सुकटासारखा खारट. व्हर्जिनियातल्या स्मिथफील्डचा हॅम त्यातला सगळ्यात नावाजलेला, १९२६ पासून तिथे कायदाच आहे की ह्या नावाचा हॅम त्या गावातच मुरवलेला हवा. चव थोर असते, पण आधी तासन्‌तास पाण्यात भिजवावा लागतो आणि पातळ कापून थोडाच खायचा असतो. खाली दिलेली कृती त्याची नाही.

आता प्रत्यक्ष काय केलं ते. हॅम तासभर आधी फ्रिजमधून काढला. जाड तळाच्या भांड्यात कापलेली बाजू खाली करून ठेवला, म्हणजे उघडं मांस हवेला लागत नाही. तळाला कपभर पाणी, आणि वरून फॉइल अशी घट्ट दाबली की वाफ कुठूनच सुटू नये. ओव्हन ३२५ फॅरनहाइट, साधारण १६३ सेल्सिअस. ह्या आकाराच्या हाडासकट हॅमला पाउंडामागे १८ ते २४ मिनिटं धरतात, म्हणजे सात पाउंडांना दोन तासांपासून पावणेतीन तासांपर्यंत. पण घड्याळावर विसंबू नका. वायरची सळई असलेला थर्मामीटर घ्या, वीस डॉलरच्या आसपास मिळतो. सळई जाड मांसाच्या मध्यात खुपसायची आणि हाडाला टेकू द्यायची नाही, हाड मांसापेक्षा वेगळं तापतं आणि आकडा फसवतो. फॉइलच्या कडेतून वायर बाहेर घेतली की ओव्हन न उघडता आकडा दिसत राहतो. ह्या सगळ्या खटाटोपात मी विकत घेतलेली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

तेवढ्यात ग्लेझ. बहुतेक कृतींत ब्राउन शुगर असते, आणि ब्राउन शुगर म्हणजे साखरेला पुन्हा चोळलेली काकवीच. मग मूळचा गूळच का नको, असं मनात आलं. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून कोल्हापुरी गुळाची ढेप आणली होती, तीच किसली. दाबून भरलेला एक कप गूळ, पाव कप संत्र्याचा रस, दोन मोठे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर, दोन मोठे चमचे डिजॉन मोहरीची पेस्ट, पाव चमचा लवंगपूड, थोडी मिरपूड. मीठ अजिबात नाही. गूळ, रस आणि व्हिनेगर मंद आचेवर विरघळवून आधी गाळून घ्या, गुळात बारीक कचरा असतो. मग पुन्हा आचेवर ठेवा.

इथे आपल्या बायकांना अमेरिकन कृतींपेक्षा जास्त कळतं. त्या कृती "थोडं घट्ट होईपर्यंत" एवढंच लिहितात. मी बोटांत धरून पाहिलं. एकतारी व्हायच्या जरा आधी, तार येऊन लगेच तुटते तिथे गॅस बंद केला. एकतारी पूर्ण होऊ दिली तर गार झाल्यावर ब्रशने लागत नाही, आणि गोळीबंदपर्यंत गेला तर चिक्की होते. उतरवल्यावर मोहरी, लवंगपूड, मिरपूड घातली. रंग गडद मधासारखा, आणि वासात संत्रं आधी येतं, मोहरी नाकात मागून चढते.

एक प्रयोग फसला तोही सांगते. वाटीभर ग्लेझ वेगळं काढून त्यात आईने पाठवलेला बाटली मसाला, म्हणजे आमच्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा तिखट मसाला, अर्धा चमचा घातला होता. तो मसाला मला जिवापाड आवडतो, पण धुरी दिलेल्या मांसावर तो बसला नाही. धूर एकीकडे ओढतो, मसाला दुसरीकडे. मसाला इंद्यालसाठीच ठेवा.

मध्यभागी १२० फॅरनहाइट झालं तेव्हा हॅम बाहेर काढला. जाड साल सुरीच्या टोकाने सोडवली की एका अंगाने सदऱ्यासारखी निघून येते. खाली पांढरी चरबी असते, ती पाव इंच ठेवायची, जास्त असेल तेवढीच तासायची. मग त्या चरबीवर तिरके काप, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या, शंकरपाळ्यांसारखे. काप चरबीपुरतेच हवेत. मांसात शिरले तर रस तिथून वाहून जातो. मी दोन ठिकाणी खोल कापलं आणि नेमकी तीच जागा नंतर कोरडी लागली. शंकरपाळ्यांच्या कोपऱ्यांत एकेक लवंग टोचली. हे काम मुलीने केलं, चौपन्न लवंगा मोजून.

ग्लेझ आता लावायचं, आधी नाही. साखर असो की गूळ, अडीच तास ओव्हनमध्ये ठेवला तर जळून कडू होणारच. ओव्हन ४०० फॅरनहाइटला वाढवला, निम्मं ग्लेझ ब्रशने चोपडलं, फॉइल न लावता बारा मिनिटं. मग उरलेलं ग्लेझ आणि पुन्हा दहा मिनिटं. ह्या बावीस मिनिटांत ओव्हनसमोरून हलायचं नाही. काचेतून दिसत होतं, शंकरपाळ्यांच्या कडा आधी उघडल्या, चरबी पारदर्शक झाली, मग गुळाचे बारीक बुडबुडे कापांच्या नाल्यांतून चढत वर आले आणि तिथेच थिजून लाखेसारखे चमकू लागले. खालच्या एका कडेवर काळपट डाग धरू लागला तिथे फॉइलचा तुकडा लावला. आकडा १४० ला पोचताच बाहेर काढला आणि वीस मिनिटं नुसता ठेवला. सगळे भुकेले होते, तरी ठेवला. लगेच कापला असता तर रस लाकडी पाटावर गेला असता.

चवीबद्दल. बाहेरची कड कुरकुरीत, दातांखाली आधी गुळाचा कडवटसर गोडवा, मग मोहरीचा झणका, मग आतलं गुलाबी मांस, ओलसर आणि बेताचं धुरी दिलेलं. तो गुलाबी रंग कच्चेपणाचा नव्हे, मुरवताना घातलेल्या नायट्राइटचा आहे. शेजारच्या सातारच्या काकूंना तो रंग पाहून शंका आली होती, त्यांना थर्मामीटरचा आकडा दाखवला तेव्हा त्यांनी घेतला, आणि मग दुसऱ्यांदाही घेतला. ब्राउन शुगरचं ग्लेझ मी चर्चच्या जेवणात अनेकदा खाल्लं आहे. गुळाची चव त्याहून खोल आहे. त्यात उसाचा वास टिकून राहतो.

उणं काय? खारटपणा. नडगीकडच्या टोकाचं मांस मला जास्त खारट लागलं, मुलांनी ते बाजूला सारलं. रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावा, आमच्या सासऱ्यांना मी एकच चकती वाढली. सोबत काहीतरी आंबट आणि काहीतरी फिकं हवंच. मी उकडलेल्या बटाट्यांची भाजी बिनमिठाची ठेवली आणि कोबीची कोशिंबीर लिंबू पिळून केली, त्याने तोल राहिला. शिवाय दुकानात आधी नोंदवलं नसेल तर मिळेल ते घ्यावं लागतं, माझ्या मागच्या माणसाला फक्त बट उरला होता. ह्या दोन गोष्टी सोडल्या तर पाचपैकी साडेचार देईन, आणि अर्धा गुण त्या मिठासाठी कापला आहे.

हाड फेकू नका. शिजवलेला हॅम फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगला राहतो. अमेरिकन लोक हाडावर सुक्या वाटाण्याचं सूप करतात. माझ्या फ्रीझरमध्ये सोललेले कडवे वाल होते. सोमवारी हाड दीड तास पाण्यात मंद उकळलं, त्याच पाण्यात वाल, थोडं ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि दोन आमसुलं घातली. मीठ घातलंच नाही, हाडातूनच उतरलं. हाडाला धरलेलं मांस उकळून सुटलं आणि वालांत मिसळलं. आईला व्हिडिओवर तो टोप दाखवला तर म्हणाली, "हे मात्र मला कळलं. भात लाव आता."

पुढच्या वर्षी करणार असाल तर झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच दुकानात जाऊन नाव नोंदवा, शँक हाफ, न कापलेला, असं दोनदा सांगा आणि बुधवारी सकाळी दहाच्या आत घेऊन या. दुपारी रांग वाढते.